गोल्फ कार्ट, बजेट आणि बाबांची वही

मी आयुष्यात कधी गोल्फ खेळलेले नाही. गोल्फची काठीसुद्धा हातात धरलेली नाही. तरीही माझ्या गॅरेजमध्ये एक गोल्फ कार्ट उभी आहे. निळा रंग, क्रीम सीट, चकचकीत अलॉय व्हील्स, एकदम सॉल्लिड! सेकंडहँड घेतलेली ही कार्ट पाच हजार डॉलरांत तयार करायची, असं ठरलं होतं. लागले सहा हजार चारशे. वरचे चौदाशे कुठून आले, हे सांगताना मला अजूनही थोडं जड जातं. म्हणून ते शेवटी सांगते.

आधी एक खुलासा. गोल्फ कार्ट आणि मध्यमवर्गीय मराठी मुलगी हे कॉम्बिनेशन तुम्हाला जरा जास्तच श्रीमंती वाटत असेल. पण मी राहते त्या गावात गोल्फ कार्ट म्हणजे आपली स्कूटर!

कार्टचं गाव

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर पीचट्री सिटी नावाचं टुमदार गाव आहे. 1959 मध्ये आखून-रेखून वसवलेलं. इथे मोठ्या रस्त्यांपासून वेगळे, झाडीतून जाणारे शंभर मैलांहून जास्त लांबीचे अरुंद डांबरी रस्ते आहेत. त्यांवरून माणसं चालतात, सायकली चालवतात आणि गोल्फ कार्ट चालवतात. हायवे आडवा आला, की त्याच्या खालून बोगदा किंवा वरून पूल. लोक कार्टमधून भाजी आणतात, मुलांना शाळेत सोडतात, तळ्यावर जातात. सुपरमार्केटबाहेर कार्टसाठी वेगळं पार्किंग असतं. इथल्या मॅकिंटॉश हायस्कूलमध्ये तर विद्यार्थ्यांच्या कार्टचा वेगळा पार्किंग लॉट आहे. आपल्याकडे कॉलेजात टू-व्हीलरची रांग लागते ना, अगदी तस्सा!

निखिलच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. घरात कार एकच आणि ती सकाळी सातला निखिलबरोबर अटलांटाला जायची. मी घरून काम करते, त्यामुळे तसं अडत नव्हतं. मग 2024 च्या सुरुवातीला ठरलं, की मार्चअखेर आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार.

ज्यांचे आई-बाबा अमेरिकेत येऊन गेलेत, त्यांना पुढचं सांगायला नको. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात बाबा खिडकीतून रस्ता बघत बसतात आणि रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आईचा उजवा गुडघा दुखरा, त्यामुळे लांब चालणं बाद. दुसरी कार घ्यायची तर इन्शुरन्ससकट खर्च आवाक्याबाहेर. तेव्हा निखिल म्हणाला, "जुनी कार्ट घेऊ. पाच हजारांत बसवू." तेव्हाच्या 83 रुपयांच्या भावाने चार लाख पंधरा हजार! तरी मी लगेच हो म्हटलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर निळी कार्ट आणि त्यात शाल पांघरून बसलेली आई आलीसुद्धा होती. माझी पहिली चूक हीच. गाडी बघायच्या आधी मी तिचा रंग ठरवला होता.

जुनी कार्ट येते कुठून?

क्लब कार आणि ई-झी-गो या दोन मोठ्या कंपन्या याच राज्यातल्या ऑगस्टा शहराजवळच्या. यामाहाच्या कार्ट आमच्या शेजारच्या न्यूननमध्ये बनतात. गोल्फ क्लब एकदम पाच-पन्नास कार्ट लीजवर घेतात, काही वर्षांनी बदलतात आणि त्या सेकंडहँड बाजारात येतात. आपल्याकडे कंपन्यांच्या गाड्या येतात तशाच. त्यामुळे चॉइस भरपूर, आणि फसायला वावही भरपूर.

मी थोडा अभ्यास केला होता, नाही असं नाही. क्लब कारची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असते, ती लोखंडासारखी गंजत नाही. तिच्या सीरियल नंबरमध्ये अक्षरांनंतरचे दोन आकडे म्हणजे बनवल्याचं वर्ष. आम्हाला मिळाली ती 2012 ची क्लब कार प्रेसिडंट, 48 व्होल्टची, आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांची. एका गृहस्थांच्या घरी उभी होती, पांढरी, थोडी मळकट. किंमत 2,800 डॉलर. आम्ही गल्लीत एक चक्कर मारली, पाच मिनिटांची. गाडी मस्त पळाली. "बॅटऱ्या ठीक आहेत ना?" मी विचारलं. "चालतायत की," ते म्हणाले. खोटं काहीच नव्हतं. चालत होत्याच.

पहिलं बजेट: माझं

हातात उरले 2,200. आई-बाबा यायला सहा आठवडे होते. मी लॅपटॉपवर छानसं एक्सेल शीट केलं आणि कामाला लागले.

बारा इंची अलॉय व्हील्स आणि नवे टायर: 620 डॉलर
मागे उलट्या तोंडाची जादा सीट: 450
बॉडीचा निळा रंग: 480
क्रीम कव्हर आणि नवा फोम: 340
खालून निळे एलईडी आणि ब्लूटूथ स्पीकर: 210

एकूण 2,100. म्हणजे कार्ट धरून 4,900. बजेटच्या आत, वर शंभर डॉलर शिल्लक! मी शीटच्या खालच्या चौकोनाला हिरवा रंग दिला आणि स्क्रीनशॉट निखिलला पाठवला. गावाकडे कार्टची नोंदणी करावी लागते, तीही केली. नंबरचा स्टिकर लागला तेव्हा तर मी पेढे वाटायचीच बाकी होते.

आई-बाबा आले. आई कार्टभोवती फिरून म्हणाली, "अगं, किती गोड आहे!" बाबांनी मात्र सीट उचलून खाली पाहिलं. बाबा म्हणजे दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी बॅटऱ्यांकडे बघून "हं" केलं आणि सीट खाली ठेवली. ते "हं" मी मनावर घेतलं नाही.

बोगद्यातली रात्र

एप्रिलच्या मध्यावर एक दिवस आम्ही तिघं तळ्यावर गेलो. निखिल ऑफिसच्या कामासाठी कार घेऊन दोन दिवस बाहेरगावी. आईने बदकांना बघत डब्यातली भेळ खाल्ली, फोटो झाले. परत निघायला साडेआठ वाजले. येताना कार्ट जरा सुस्तावल्यासारखी वाटली. पाठोपाठ बोगदा आला. बोगद्यात उतार, बाहेर पडताना चढ. त्या चढावर ती आचके देत थांबली. पॅडल दाबलं, नुसतं "टक" वाजलं.

अंधार. मागून पाण्याचा थेंबथेंब आवाज. आणि सगळ्यात विनोदी गोष्ट म्हणजे कार्टखालचे निळे एलईडी अजून झगमगत होते! लग्नाच्या मांडवात वाजंत्री आहे आणि नवरदेवच पळालाय, तसा प्रकार.

ढकलायला गेलो तर गाडी हलेना. बाबांनी सीट उचलली, मोबाइलच्या उजेडात शोधलं आणि एक छोटा स्विच "टो"वर टाकला. मग चाकं मोकळी झाली. (हा स्विच तुमच्याही कार्टला असेल तर आजच बघून ठेवा. तो "रन"वर असताना ढकललं तर मोटरच ब्रेक लावते.) बाबा आणि मी ढकलत होतो आणि आई गुडघा धरून मागून चालत होती. बाबा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्या दहा मिनिटांत मला 620 डॉलरची ती व्हील्स जेवढी डोळ्यांत खुपली, तेवढं काहीच कधी खुपलेलं नाही.

वर आल्यावर मागून एक शाळकरी मुलगा त्याच्या कार्टमधून आला. काही न विचारता दोर काढला, आमची कार्ट बांधली आणि घरापर्यंत ओढत नेली. आईचा गुडघा दोन दिवस सुजून होता. पुढचे दोन आठवडे ती कार्टमध्ये बसली नाही. "राहू दे गं, मी घरीच बरी," म्हणायची. ज्या वाक्यासाठी कार्ट घेतली, नेमकं तेच वाक्य परत आलं होतं.

बाबांचा मल्टिमीटर

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "तुझ्याकडे मीटर आहे का?" वीस डॉलरचा मल्टिमीटर आणला. रात्रभर चार्जिंग केलं, मग काही तास गाडी तशीच उभी ठेवली. बाबांनी मला आधी हातातली बांगडी काढायला लावली. बॅटरीच्या दोन टोकांना धातू लागला तर ठिणगी पडते, आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो. म्हणून गॅरेजचं दारही उघडं.

आठ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर विश्रांतीनंतर साधारण साडेआठ व्होल्ट दाखवते. आमच्या पाच बॅटऱ्या 8.3 च्या आसपास. सहावी 7.6. मग बाबांनी मला पॅडल दाबायला लावलं. ओझं पडताच सहावी पाचवर घसरली. झाकणं उघडली तर आतल्या प्लेट पाण्याबाहेर आलेल्या. टर्मिनलवर ठोकलेलं अक्षर आणि आकडा होता: ई, आठ. ई म्हणजे पाचवा महिना, आठ म्हणजे 2018. लेड-अ‍ॅसिड बॅटरी नीट सांभाळली तर चार ते सहा वर्षं टिकते. म्हणजे मी कार्ट घेतली तेव्हाच बॅटऱ्यांची पेन्शन सुरू व्हायची वेळ आलेली होती! आणि ते त्यांच्या टर्मिनलवर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी फक्त वाचलं नव्हतं.

"मग ही एकच बदलू या?" मी आशेने विचारलं.

"पाच थकलेले बैल आणि एक नवा, असं औत चालतं का?" बाबा म्हणाले. जुन्यांबरोबर जोडलेली नवी बॅटरी त्यांच्यासारखीच लवकर दमते. बदलायच्या तर सहाही.

दुसरं बजेट: बाबांचं

त्या संध्याकाळी बाबांनी त्यांची हिशेबाची वही काढली. हो, ते अमेरिकेतही वही घेऊन आले होते! त्यांनी पानावर चार रकाने आखले आणि वर लिहिलं: चालणं, थांबणं, बसणं, मिरवणं.

"एसटीची जुनी बस वर्कशॉपला आली की आम्ही याच क्रमाने जायचो," ते म्हणाले. "रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा."

चालणं म्हणजे बॅटरी, केबल, मोटर, कंट्रोलर, सॉलेनॉइड, चार्जर. थांबणं म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग, टायर, दिवे. बसणं म्हणजे सीट, विंडशील्ड, आरसा. मिरवणं म्हणजे उरलेलं सगळं. एका रकान्याचं काम संपल्याशिवाय पुढच्यात एक डॉलरही टाकायचा नाही. मी माझं शीट या चार रकान्यांत घालून पाहिलं. 2,100 पैकी चालणं: शून्य. थांबणं: शून्य, कारण जुने टायर चांगले होते, मी फक्त दिसायला बदलले होते. बसणं: 450. मिरवणं: 1,650.

मग खरा खर्च मांडला. सहा नव्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या 1,150 (जुन्या परत दिल्या की त्यांचं डिपॉझिट सुटतं, ते वजा करून). जळालेल्या तोंडाचा सॉलेनॉइड, 60. मागच्या चाकांचे ब्रेक शू आणि केबल, 140. घडीची विंडशील्ड आणि आरसा, 150. झाले 1,500. शिल्लक होते 100. म्हणजे 1,400 चा खड्डा.

लिथियमचाही विचार केला. मला मिळालेला भाव चार्जरसकट 1,900 होता. शंभर किलोंहून जास्त वजन उतरतं, पाणी घालायची कटकट नाही आणि टिकतात साधारण दुप्पट. वर्षाचा हिशेब केला तर 1,150 भागिले पाच म्हणजे 230, आणि 1,900 भागिले दहा म्हणजे 190. कागदावर लिथियम स्वस्त. पण हा फंडा कार्ट दहा वर्षं ठेवणाऱ्याचा. आमचा व्हिसा तीन-तीन वर्षांच्या हप्त्यांत चालतो. आम्ही लेड-अ‍ॅसिड घेतल्या.

बाबांनी शेवटी एक हिशेब केला, तो मला सगळ्यात जास्त लागला. कार्ट 2,800, बॅटऱ्या 1,150, सॉलेनॉइड आणि ब्रेक 200, विंडशील्ड आणि आरसा 150, मागची सीट 450. एकूण 4,750. म्हणजे माझ्याच पाच हजारांत गाडी ठणठणीत झाली असती, अडीचशे हाताशी राहिले असते. फक्त ती पांढरी राहिली असती.

तुम्ही घेणार असाल तर...

* किंमत विचारण्याआधी बॅटरीची तारीख वाचा. पाच वर्षांच्या पुढची असेल तर नव्या सेटचा पूर्ण खर्च कार्टच्या किमतीत मिळवा आणि मगच घासाघीस करा. "स्वस्त" कार्ट बऱ्याचदा इथेच महाग निघते.
* पाच मिनिटांची चक्कर उपयोगाची नाही. अर्धा तास चालवा, एक तरी चढ चढा. दमलेली बॅटरी सपाटीवर बेमालूम नाटक करते.
* केबल सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कुठली वायर कुठे होती, हे नंतर आठवत नाही. खरंच नाही आठवत!
* वेगाच्या मोहात पडू नका. साधी कार्ट ताशी 12 ते 15 मैल जाते. 20 मैलांच्या पुढे नेली की अमेरिकी नियमांत ती "लो-स्पीड व्हेइकल" ठरते. मग सीटबेल्टपासून सगळी यादी मागे लागते आणि बजेटची पुन्हा वाट!
* फार उंच टायर लावाल तर चौकट उचलायचं किट वेगळं घ्यावं लागतं, आणि मोटरवर ओढ वाढून एका चार्जमध्ये अंतर कमी पडतं. एक मिरवणं दुसरा खर्च घेऊनच येतं.
* ठरवलेल्या रकमेचा दहावा हिस्सा तरी बाजूला ठेवा आणि तो शीटमध्ये लिहूच नका. लिहिला की त्याचा स्पीकर होतो.

आणि ते चौदाशे डॉलर...

ते नायगाराचे होते. ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन न्यूयॉर्क आणि नायगारा करायचं म्हणून निखिलने वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकले होते. अमेरिकेत आलेल्या प्रत्येक मराठी आईचा नायगारासमोर निळ्या रेनकोटात एक फोटो असतो. आईच्या भिशीतल्या चार जणींचे होते. आईने निघायच्या आधी त्यांना सांगितलंही होतं.

मी तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी बघू." बाबा म्हणाले, "पाणीच तर आहे." निखिल काही बोलला नाही. त्या रात्री आमचं थोडं वाजलं, पण तेही बरोबरच होतं.

नव्या बॅटऱ्या लागल्या. तीन दिवस बाबांनी एकट्याने मला शेजारी बसवून सगळे चढ तपासायला लावले, मग आईला हाक मारली. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत आई रोज संध्याकाळी बाहेर पडली. तिला कुठल्या वळणावर हरणं दिसतात, कुठल्या घरी गुजराती आजी आहेत, कुठल्या बाकाला सावली आहे, सगळं पाठ झालं. परत जाताना ती विमानतळावर रडली, आणि निखिल म्हणतो, त्यात कार्टचा थोडा वाटा होता.

"पुढच्या वेळी" मात्र अजून आलेलं नाही. पुण्यात डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय आणि एवढ्या लांबचा प्रवास सध्या नको म्हटलंय. नायगाराचा फोटो राहिलाच. निळा रंग, अलॉय व्हील्स, क्रीम कव्हर आणि एलईडी, सगळं मिळून 1,650. फोटोची किंमत मला आता नेमकी माहीत आहे.

तुमच्याकडे पार्किंगमध्ये आजोबांची चेतक किंवा काकांची येझदी धूळ खात पडली असेल आणि "रिस्टोअर करू या यार" असं या वीकएंडला कुणी म्हटलं, तर जरूर करा. मजा येते. फक्त रंग निवडायच्या आधी एका कागदावर चार रकाने आखा. चालणं, थांबणं, बसणं, मिरवणं. आणि डावीकडून सुरू करा.

आमच्या बॅटऱ्या छान चालू आहेत. लेड-अ‍ॅसिडला महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर लागतं. दर एक तारखेला सकाळी पुण्याहून मेसेज येतो. बाकी खुशाली वगैरे नंतर. आधी एकच ओळ: "पाणी घातलंस का?"